राहावंसं वाटेल असं काहीतरी

नलावड्यांच्या हॉटेलात सुचवलेली थीम चहा येईपर्यंत बांधून तयार व्हायची, आणि उज्ज्वला टिपणीसला खरा वैताग त्याचाच होता.

तिची अर्धी हयात नाटकांचं नेपथ्य करण्यात गेली होती. त्या धंद्यात एखादी कल्पना सुचली की आधी ती कागदावर उतरायची, मग पुठ्ठ्याचं छोटं मॉडेल व्हायचं, मग सुतार डोकं खाजवत सांगायचे की बाई, असा जिना उभा राहणार नाही. त्या भांडणात कल्पनेतला सगळा फालतूपणा गळून जायचा. इथे भांडायलाच कुणी नव्हतं. तोंडातून शब्द गेला की दाराबाहेर वस्तू हजर.

विश्वासराव नलावडे मूळचे फलटणचे. कोंबड्यांच्या धंद्यात वर आले, मग शीतगृहं काढली, आणि साठी उलटल्यावर पुण्याच्या दक्षिणेला, भोरच्या अलीकडच्या माळावर त्यांनी ‘नवलगाव’ नावाचं पार्क उभारलं. पाळणे, पाण्याच्या घसरगुंड्या, बोलणारा हत्ती. आता पार्कशेजारी त्यांना हॉटेल हवं होतं, आणि तेही नुसतं झोपण्याजेवण्याचं नको होतं. “माणूस आत शिरला की बाहेरचं जग विसरला पाहिजे,” ते पहिल्याच भेटीत म्हणाले होते. “आणि मॅडम, मुख्य म्हणजे त्याला राहावंसं वाटलं पाहिजे.” उज्ज्वलाने मान डोलावली होती. सगळीच गिऱ्हाइकं पहिल्या भेटीत असं काहीतरी बोलतात.

पहिल्या दिवशी ती म्हणाली, “समुद्राचा तळ.” तिने बरीच तयारी केली होती. निळ्या भिंती, छतावर पाण्याची हलती सावली, शिंपल्यासारखी उघडणारी दारं. ती पलंगांपर्यंत पोचली नव्हती एवढ्यात तिथलं चहापाणी बघणाऱ्या कमलताई ट्रे घेऊन आत आल्या. त्यांची साडी गुडघ्यापर्यंत भिजलेली होती.

“बाहेर पाणी आलंय,” त्या म्हणाल्या आणि कप मांडायला लागल्या.

नलावड्यांनी उठून दार उघडलं. सकाळी उज्ज्वला ज्या बोडक्या सिमेंटच्या बोळातून आली होती तो बोळ आता नव्हता. तिथे लांबच लांब निळा तळ पसरला होता, आणि सुरमयांचा एक थवा झुंबराला वळसा घालून पलीकडे चालला होता. नलावडे पँट दुमडून थोडं फिरून आले. परत येऊन त्यांनी चहात बिस्कीट बुडवलं.

“एक नंबर झालंय, मॅडम. पण राहावंसं नाही वाटत. लोकांना सर्दी होईल.”

“मी अजून नुसती कल्पना सांगत होते.”

“हो, कल्पना झकासच आहे. दुसरं बघा काहीतरी.”

“मग हे काढून टाका.”

“काढायचं कशाला? असू दे की. माळ मोकळाच आहे.”

मीटिंगची खोली हॉटेलाच्या अगदी आतल्या टोकाला होती आणि फाटक बाहेरच्या टोकाला. जे काही नवीन उभं राहायचं ते या दोहोंच्या मधोमध राहायचं. त्यामुळे त्या संध्याकाळी उज्ज्वला घरी गेली ती सगळा समुद्र तुडवत, चपला हातात धरून.

घरी अण्णा वाट बघत बसले होते. अण्णा म्हणजे तिचे वडील. वेधशाळेतून निवृत्त झाले त्यालाही आता बरीच वर्षं झाली होती. आई गेल्यावर सहकारनगरच्या दुसऱ्या मजल्यावरच्या त्या घरात दोघंच उरली होती. गेल्या आठवड्यात त्यांचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं होतं, आणि डॉक्टरांनी थेंब वेळच्या वेळी घालायला बजावलं होतं. दिवसभराचे थेंब शेजारच्या सुलभाताई घालायच्या. संध्याकाळचे मात्र उज्ज्वलानेच घालायचे असा अण्णांचा हट्ट होता.

“सुलभाचा हात थरथरतो,” ते काळ्या चष्म्यामागून म्हणाले. “डोळ्यात घालायचं ते गालावर ओघळतं. आणि तुला मासळीचा वास कसला येतोय?”

“कामाचा.”

“कुकरची रिंग गेलीय. शिट्टी होत नाही. सकाळपासून सांगायचं म्हणतोय, तर तू फोन उचलत नाहीस.”

तिने थेंब घातले. अण्णा डोळे मिटून पडले आणि वाऱ्याची दिशा बदलल्याबद्दल काहीतरी पुटपुटले. दिवस कसा गेला असं त्यांनी विचारलं नाही. तसं त्यांनी कधीच विचारलं नव्हतं. आई होती तेव्हा आई विचारायची आणि अण्णा पेपरच्या आडून ऐकायचे, म्हणजे ऐकत असावेत, असं उज्ज्वला धरून चालायची.

दुसऱ्या दिवशी तिने राजवाडा सुचवला. राजवाडा माणसांसकट आला. मखमली अंगरख्यातले मानकरी, पंखा हलवणाऱ्या बायका आणि पांढऱ्या मिशांचे एक दिवाणजी. नलावड्यांनी सिंहासनावर बसून बघितलं, कुल्ले सरकवून बघितले.

“थाट आहे. पण सारखं ताठ बसावं लागतं हो. राहावंसं नाही वाटत.”

संध्याकाळी ती दरबारातून निघाली तेव्हा दिवाणजी तिच्या मागोमाग आले.

“बाईसाहेब, आमचं काय ठरलं?”

“तुम्हाला नापास केलं.”

“ते ऐकलं. पण मग आम्ही आता करायचं काय?”

“मला काय माहीत? राज्य करा.”

“कुणावर?” दिवाणजींनी विचारलं. त्यांच्या विचारण्यात कुजकेपणा नव्हता, खरंच त्यांना उत्तर हवं होतं, म्हणून तर उज्ज्वला जास्त चिडली. ते समुद्राच्या काठापर्यंत तिला पोचवायला आले आणि मग रोज येऊ लागले. रोज तोच प्रश्न.

तिच्या डोक्यात शिरलेली गोष्ट सोपी होती. थीम पास झाली की काम संपणार, आणि नापास झाली की घर तेवढं लांब जाणार. म्हणून ती घाई करू लागली, आणि घाईने सुचलेल्या गोष्टी पटापट नापास होऊ लागल्या. चंद्रावरची वस्ती उभी राहिली. (“पाय जमिनीला टेकत नाहीत, म्हाताऱ्यांनी काय करायचं?”) मसाल्याचं जहाज उभं राहिलं. (“ठसका लागतो.”) झाडावरच्या घरांचं गाव उभं राहिलं आणि नलावडे शिडीच्या पहिल्या पायरीवरूनच परत फिरले. ते कधी रागावायचे नाहीत. हेच फार वाईट होतं. रागावले असते तर तिलाही रागावता आलं असतं. ते दर वेळी तितक्याच आशेने दार उघडायचे, आत जायचे, एखाद्या खुर्चीवर किंवा दगडावर किंवा ढगावर बसायचे, थोडा वेळ वाट बघायचे, आणि परत येताना त्यांचा चेहरा उतरलेला असायचा.

“तुम्हाला नेमकं हवंय तरी काय?” तिने एकदा न राहवून विचारलं.

“ते मला कळलं असतं तर तुम्हाला कशाला बोलावलं असतं?”

त्यानंतर ती गप्प बसायला शिकली. सकाळी यायचं, टेबलाशी बसायचं, तोंड उघडायचं नाही. नलावडे समोर बसून शेंगदाणे खायचे आणि तिच्याकडे बघायचे. अशी सकाळ संपून दुपार झाली तेव्हा ते हलकेच म्हणाले, “सुचत नाहीये का?”

“नाही सुचत,” ती म्हणाली. “डोक्यात नुसतं धुकं आहे.”

कमलताई चहा घेऊन आल्या त्या भिंतीला हात लावत, अंदाजाने.

“असलं बोलत जाऊ नका हो बाई,” त्या म्हणाल्या. “दिसत नाही काही. दूध सांडलं.”

धुक्याचं हॉटेल नलावड्यांना तसं आवडलं होतं. पण ते स्वतःच त्यात हरवले आणि अर्ध्या तासाने त्यांना हाका मारून बाहेर काढावं लागलं. त्या संध्याकाळी उज्ज्वला धुक्यातून, झाडांवरच्या घरांखालून, गलबतातून, चंद्रावरून, दरबारातून आणि समुद्रातून घरी पोचेपर्यंत अण्णा न जेवता झोपून गेले होते. ते झोपेत असतानाच तिने त्यांच्या डोळ्यात थेंब घातले. त्यांनी हात झटकला.

आता ती मोजून मापून बोलू लागली. ‘डोंगराएवढं काम’ म्हणायचं नाही, ‘पाण्यात पैसे घालताय’ म्हणायचं नाही. पण अण्णांचा फोन आला की माणूस किती मोजणार?

“काय जंगलात जाऊन बसलीयस का?” अण्णा ओरडले. “आवाज नीट येत नाही.”

“हो, जंगलात बसलेय,” ती म्हणाली, आणि लगेच तोंडावर हात ठेवला. पण बाहेर पानांची सळसळ सुरू झाली होती, आणि कुठूनतरी एक भेकर भुंकलं.

नलावडे खिडकीशी जाऊन उभे राहिले. “आता हे तुम्ही सुचवलंय का, का घरचं बोलणं होतं?”

“घरचं बोलणं होतं.”

“तरीपण बघून येतो,” ते म्हणाले आणि गेले. परत आले तेव्हा त्यांच्या सदऱ्याला कुसळं चिकटली होती. “नाही,” ते म्हणाले. “हेही नाही.”

त्या दिवशी उज्ज्वलाने हात टेकले. ती उभी राहिली आणि तिने सरळ सांगितलं, “नलावडेसाहेब, माझ्याच्याने हे होणार नाही. मी निरोप घेते.”

तिला कळायला हवं होतं. दाराबाहेर एक प्रशस्त, दिव्यांनी उजळलेला दिवाणखाना उभा होता, आणि त्यात चांगल्या कपड्यातली माणसं जोडीजोडीने उभी राहून एकमेकांचा निरोप घेत होती. हात हातात घ्यायची, डोळे पुसायची, चार पावलं जायची आणि पुन्हा फिरून यायची. उज्ज्वला त्या गर्दीतून वाट काढायला लागली तर प्रत्येकाने तिचाही हात धरला. “सांभाळून जा.” “पोचलीस की कळव.” कुणाचा हात सोडवून पुढे जावं तर दुसरा हात पुढे. चालून चालून ती पुन्हा मीटिंगच्या खोलीच्या दाराशीच आली.

“उदास आहे जरा,” नलावडे तिच्या पाठीमागून म्हणाले. “पण लग्नकार्यातल्या पाठवणीसाठी हॉल म्हणून चालेल. राहायला नाही.”

ती खुर्चीत बसली. बाहेर संध्याकाळ होत आली होती. थेंबांची वेळ टळत चालली होती, आणि तिच्या आणि फाटकाच्या मध्ये तिनेच तोंडाने उभं केलेलं सगळं पसरलं होतं. निरोप घेणारी माणसं, जंगल, धुकं, सगळं. नलावड्यांनी खुर्ची ओढून तिच्या समोर आणली.

“मॅडम, एक विचारू? तुम्हाला स्वतःला राहावंसं कुठं वाटतं?”

“माझ्या घरी!” ती किंचाळलीच. “माझ्या घरी वाटतं, दुसरं कुठे वाटणार! सहकारनगरला दुसऱ्या मजल्यावर, जिथे न्हाणीघरातला नळ गळतो आणि गॅलरीचं दार पावसाळ्यात फुगतं. जिथे दिवाणावर ती जुनी निळी चादर असते. जिथे दमून घरी गेलं की अण्णा म्हणतात, दमलीस ना, बस जरा!”

शेवटचं वाक्य खोटं होतं. अण्णा असं आयुष्यात कधी म्हणाले नव्हते. रागाच्या भरात ते तिच्या तोंडून निघून गेलं, आणि निघाल्यावर तिला स्वतःलाच त्याचं नवल वाटलं.

कमलताई आल्या. या वेळी त्यांच्या हातात ट्रे नव्हता, तिच्या घरचे पितळी दांडीचे दोन कप होते. “आत या, आत चहा केलाय,” त्या म्हणाल्या.

दारापलीकडे तिचा जिना होता, तिचं दार होतं, दारावर ‘टिपणीस’ ही पाटी होती. आत निळी चादर होती आणि नळ गळत होता. अण्णा त्यांच्या खुर्चीत बसले होते. डोळ्यांवर चष्मा नव्हता. दोन्ही डोळे स्वच्छ होते, कारण ऑपरेशनबद्दल उज्ज्वला काही बोललीच नव्हती. त्यांनी तिच्याकडे बघितलं.

“दमलीस ना?” अण्णा म्हणाले. “बस जरा.”

ती दाराच्या चौकटीला धरून उभी राहिली. हे अण्णा नव्हेत हे तिला पक्कं ठाऊक होतं, आणि तरीही आवाज त्यांचाच होता, तोच घोगरा. एवढी वर्षं हे वाक्य त्या आवाजात बसत होतं तर मग कुणी म्हटलं का नाही, या विचाराने तिला रडू आलं नाही, संताप आला.

नलावडे तिला ओलांडून आत गेले. अण्णांनी त्यांच्याकडेही बघितलं.

“दमलात ना?” अण्णा म्हणाले. “बसा जरा.”

नलावडे दिवाणावर बसले. मग मागे टेकले. मग त्यांनी डोळे मिटले. उज्ज्वलाने त्यांना पहिल्यांदाच हात मोकळे सोडून बसलेलं पाहिलं.

“आमच्याकडं केवढं मोठं घर आहे,” ते डोळे न उघडता म्हणाले. “पण बसा जरा, असं कुणी म्हणत नाही.”

“आमच्याकडेही म्हणत नाही,” उज्ज्वला म्हणाली.

त्यांना ते ऐकू गेलं नसावं. “पास,” ते म्हणाले. “मॅडम, पास. हेच पाहिजे. सगळीकडं हेच.”

पास झालेली थीम सगळ्या हॉटेलाला लागते हे तिला कुणी सांगितलं नव्हतं. सांगण्यासारखं त्यात काही नव्हतंही. ती त्या घराबाहेर पडली, जिना उतरून सोसायटीच्या फाटकातून डावीकडे वळली, तर समोर पुन्हा जिना आणि वर ‘टिपणीस’ ही पाटी. समुद्र गेला होता, धुकं गेलं होतं, जंगल गेलं होतं. पहिल्याच घरात स्वयंपाकघराच्या ओट्याशी दिवाणजी अंगरख्याच्या बाह्या सारून तांदूळ निवडत बसले होते.

“आम्हाला ठेवून घेतलं, बाईसाहेब,” ते आनंदाने म्हणाले. “कामच मिळालं.”

“बाहेर कुठून जायचं?”

“कशाला जायचं?” दिवाणजी म्हणाले, आणि बाहेरच्या खोलीतून अण्णा म्हणाले, “दमलीस ना? बस जरा.”

ती घरामागून घर ओलांडत गेली. प्रत्येक घरात नळ गळत होता, प्रत्येक घरात अण्णा मान वर करून तेच म्हणत होते, आणि दर वेळी तितक्याच मायेने, त्यात जराही कमीजास्त नाही. काही वेळाने तिने त्यांच्याकडे बघणं सोडून दिलं. आणखी काही वेळाने तिचे पाय खरोखरच उचलेनात तेव्हा ती एका घरात बसली. चादरीवर, अण्णांच्या समोर. अण्णा हसले. त्यांनी पेपर बाजूला ठेवला. “कसा गेला दिवस?” असंही आता ते विचारतील असं तिला वाटलं, आणि ते विचारलं जाण्याआधी उठलं पाहिजे असंही वाटलं. ती उठली नाही. इतक्यात पर्समधला फोन वाजला.

“उजे, कुठे उलथलीयस?” फोनमधले अण्णा ओरडले. “थेंबांची वेळ होऊन गेली. डोळा ठणकतोय. ती सुलभा येऊन गेली, मी तिला हात लावू दिला नाही.”

समोरचे अण्णा मायेने बघत होते. उज्ज्वला ताडकन उभी राहिली. तिला इतकं हायसं वाटलं की ती भडाभडा बोलत सुटली.

“आले, अण्णा, आले. निघालेच आहे. बाहेर पडते, गाडी काढते, कात्रजचा बोगदा ओलांडला की घरीच. तुम्ही चष्मा काढू नका. डोळा चोळू नका. तुम्ही तिथेच खुर्चीत बसून राहा, आणि आल्यावर पाहिजे तेवढं ओरडा माझ्यावर, कुकरच्या रिंगवरून ओरडा, काय वाट्टेल त्यावरून ओरडा. मी आलेच.”

“भाषणं नकोत,” अण्णा म्हणाले. “ये.” फोन बंद झाला.

“येते मी,” ती समोरच्या अण्णांना म्हणाली.

“ये हं. जपून,” ते म्हणाले.

या वेळी जिना उतरून ती फाटकातून डावीकडे वळली तर समोर पार्किंग होतं, आणि तिची गाडी सकाळी लावली होती तशीच उभी होती, टपावर धूळ. तिने मागे वळून बघितलं नाही. हमरस्त्याला गर्दी बेताची होती. उसाच्या रसाची गुऱ्हाळं मागे पडली, टोलनाका मागे पडला. कात्रजचा बोगदा नेहमीपेक्षा जरा लांब वाटला, पण दमलेल्या माणसाला बोगदा लांबच वाटतो असं तिने स्वतःला सांगितलं. पलीकडे पुण्याचे दिवे लागत होते. ती गाडीच्या काचा खाली करून मोठ्याने हसली. इतक्या दिवसांत पहिल्यांदा ती स्वतःशी काहीही बोलू शकत होती. ती म्हणाली, “हत्ती.” रस्त्यावर हत्ती आला नाही. ती म्हणाली, “खड्ड्यात जा तुम्ही सगळे.” रस्त्याला खड्डेही आधी होते तेवढेच होते.

सहकारनगरला सोसायटीच्या जिन्यातला दिवा लागलेला होता. ती धापा टाकत वर गेली. पाटी, दार. किल्लीने कुलूप उघडलं.

अण्णा खुर्चीत बसले होते. डोळ्यांवर काळा चष्मा.

“ही काय वेळ झाली?” ते कडाडले. “माणूस इथे आंधळा व्हायला बसलाय आणि तू हॉटेलं बांधत हिंड!”

उज्ज्वला दाराला पाठ टेकून उभी राहिली आणि तिने ते सगळं ऐकून घेतलं. कुकरच्या रिंगवरून ते ओरडले. सुलभाताईंच्या हातावरून ओरडले. फोन न उचलण्यावरून, दूध नासण्यावरून, वारा पडल्यावरून ओरडले. दमलीस ना, असं त्यांनी एकदाही विचारलं नाही. इतकं गोड तिला बऱ्याच दिवसांत काही लागलं नव्हतं.

“झालं का ओरडून?” ती म्हणाली. “आता थेंब घालू द्या.”

हात धुऊन, बाटली हलवून ती त्यांच्या खुर्चीशी आली. अण्णांनी कुरकुरत चष्मा काढून मांडीवर ठेवला आणि मान मागे टाकली. ऑपरेशन झालेला डोळा लाल होता, कडेने पाणी येत होतं. तिने अंगठ्याने त्यांची खालची पापणी ओढून धरली आणि बाटली उलटी केली. ती बोलायला तोंड उघडणार, एवढ्यात भिंतीपलीकडून आवाज आला.

“वर बघा, अण्णा. हलू नका.”

आवाज तिचा होता.

भिंतीपलीकडे कुणीतरी म्हाताऱ्या आवाजात कुरकुरलं. मग त्याच्याही पलीकडून, जरा पुसट, पुन्हा तेच आलं. वर बघा, अण्णा. हलू नका. मग खालच्या मजल्यावरून. मग वरून, छतातून. मग समोरच्या बिल्डिंगमधून, आणि त्याहीमागच्या बिल्डिंगमधून, एकेक करत, लांब लांब जात, माळावरून वारा जावा तसं.

गाडी, बोगदा, चष्मा, खुर्ची, कुकरची रिंग, हे सगळं ती फोनवर हॉटेलातच उभी राहून बोलली होती. अजून बोलली नव्हती ती एकटीच.

“घाल की लवकर,” अण्णा म्हणाले. “मान अवघडली.”

बाटलीच्या टोकाशी थेंब फुगत चालला होता. उज्ज्वलाने ओठ घट्ट मिटून घेतले. खाली अण्णांचा लाल डोळा उघडा होता, वाट बघत, आणि अजिबात हलत नव्हता.